लढाईच्या काळातले छापील राजनैतिक कागद जमवायचे आहेत? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगलीच्या गावभागातल्या आमच्या घरात सासऱ्यांची एक पत्र्याची ट्रंक होती. ते इथल्या कोर्टात वकिली करायचे आणि लंडनच्या सरकारी छापखान्यातून निघालेले कागद मुंबईच्या पुस्तकविक्रेत्याकडून पोस्टाने मागवायचे. माझा संग्रह त्या ट्रंकेपासून सुरू झाला, त्याला आता तीस वर्षं होत आली. सांगली, मिरज, कराड, सातारा इथून लोक फोन करतात, घरी येतात. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून काढली.

‘मूळ’ म्हणजे सही-शिक्क्याचा तह का?

नाही. सही-शिक्क्याचा तह सरकारी दफ्तरात असतो. कुणी तो विकायला आणला तर तो खोटा असतो किंवा चोरीचा. आपण जमवतो तो त्या तहाचा, खलित्यांचा आणि वाटाघाटींतल्या तारांचा मजकूर, जो सरकारने त्याच काळात छापून लोकांपुढे ठेवला. ‘मूळ’ याचा इथे अर्थ पहिला छाप, म्हणजे लोकांनी तो मजकूर पहिल्यांदा वाचला तेव्हाचा कागद.

काही वेळा सही केलेली प्रत मुळात नसतेच. अटलांटिक सनद १४ ऑगस्ट १९४१ ला जाहीर झाली, पण रूझवेल्ट आणि चर्चिल यांच्या सह्यांची औपचारिक प्रत तयारच झाली नाही. जगाला ती मिळाली तारेने आणि छापील कागदावर. अशा ठिकाणी छापील कागद हाच मूळ कागद.

निळं पुस्तक, पिवळं पुस्तक, श्वेतपत्रिका: हे रंग काय सांगतात?

मुखपृष्ठाचा रंग, एवढंच. पण त्यावरून देश ओळखायची सवय लागली. १९१४ मध्ये पहिलं महायुद्ध पेटलं तेव्हा प्रत्येक सरकारने ‘आम्ही लढाई टाळायला झटलो, दोष समोरच्याचा’ हे दाखवायला आपापला पत्रव्यवहार छापला. ब्रिटनचं निळं, जर्मनीचं पांढरं, रशियाचं नारिंगी, बेल्जियमचं करडं, फ्रान्सचं पिवळं, ऑस्ट्रिया-हंगेरीचं लाल. ब्रिटनने तर स्वस्त आवृत्ती एका पेनीला विकली, कारण ती घरोघरी जायला हवी होती.

ही पुस्तकं म्हणजे पुरावा नव्हे, वकिलाचं म्हणणं आहे. फ्रान्सच्या पिवळ्या पुस्तकातला क्रमांक ११८ पाहा. रशियाने सर्व सैन्य जमवायचा हुकूम काढला, अशी सेंट पीटर्सबर्गहून आलेली मूळ तार जेमतेम एका ओळीची होती. छापताना तिच्यात कारणं घातली गेली: ऑस्ट्रियाने आधी सैन्य जमवलं, जर्मनी गुपचूप तयारी करत होती, म्हणून रशियाला हे करावं लागलं. खरी तार लढाईनंतर उजेडात आली. म्हणून १९१४ ची प्रत हातात घेऊन ते पान वाचताना एका सरकारने स्वतःच्याच राजदूताच्या तोंडी शब्द कसे घातले, ते डोळ्यांसमोर घडताना दिसतं.

सुरुवात कुठल्या कागदापासून करावी?

एका कागदापासून करू नका, जोडीपासून करा. नव्या संग्राहकाला मी एवढी एकच गोष्ट आग्रहाने सांगते. एका सरकारने छापलेला कागद घेतलात तर त्याच प्रकरणावर दुसऱ्याने काय छापलं तोही शोधा. दुसरा मिळत नसेल तर त्याच सरकारने काही वर्षांनी काय छापलं ते शोधा. दोन कागद शेजारी ठेवले की कुठे काय गाळलं ते आपोआप कळतं. सुटा कागद कितीही दुर्मीळ असला तरी तो एकतर्फीच बोलतो.

माझी आवडती जोडी सांगते. २५ ऑगस्ट १९३९ ला ब्रिटन आणि पोलंड यांच्यात परस्पर साहाय्याचा करार झाला. त्याच वर्षी ब्रिटनने तो छापला. त्यात लिहिलंय की ‘एखाद्या युरोपीय सत्तेने’ आक्रमण केलं तर दुसरा पक्ष मदतीला धावेल. जेमतेम तीन आठवड्यांनी, १७ सप्टेंबरला, पूर्वेकडून सोव्हिएत फौजा पोलंडमध्ये शिरल्या. छापील करार वाचणाऱ्याला वाटणारच की ही पण युरोपीय सत्ताच, मग ब्रिटन गप्प का? उत्तर १९४५ च्या छापात आहे. तेव्हा त्याच करारासोबतचा गुप्त जोडकरार पहिल्यांदा बाहेर आला आणि त्यात स्पष्ट म्हटलं होतं की ‘युरोपीय सत्ता’ म्हणजे जर्मनी. दोन्ही कागद पातळ आहेत, दिसायला अगदी साधे. मी ते एकाच पाकिटात ठेवते.

मला या कागदांचं एवढं का वाटतं, त्याला कारण आहे. कोल्हापूरजवळ वळिवड्याला १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते. पाचगणीलाही पोलिश मुलं होती. ती माणसं इथवर आली कशी, याचा धागा ३० जुलै १९४१ ला लंडनमध्ये झालेल्या पोलंड-सोव्हिएत कराराशी जाऊन पोचतो. सोव्हिएत मुलखात कैदेत आणि हद्दपारीत अडकलेल्या पोलिश नागरिकांना त्या कराराने माफी दिली. त्यातले पुष्कळ जण १९४२ मध्ये इराणात उतरले आणि तिथून काही आपल्याकडे आले. लंडनमधल्या एका कागदामुळे पंचगंगेच्या काठी वसाहत उभी राहिली. माझी सासू लहानपणी त्या मुलांना रंकाळ्यावर पाहिल्याचं सांगायची.

आपल्या भागाशी थेट नातं असलेले कागद कोणते?

पुष्कळ आहेत, आणि तेच आधी शोधावेत असं माझं मत आहे.

सगळ्यात जुने म्हणजे साताऱ्याच्या गादीचे. इंग्रजांशी झालेल्या २५ सप्टेंबर १८१९ च्या तहात महाराजांनी इतर सत्तांशी परस्पर व्यवहार ठेवू नये असं कलम होतं. छत्रपती प्रतापसिंह महाराजांवर पुढे आरोप आला तो याच कलमाच्या आधारे: गोव्याच्या पोर्तुगीज सरकारशी आणि नागपूरच्या पदच्युत आप्पासाहेब भोसल्यांशी संधान बांधलं म्हणून. १८३९ मध्ये त्यांना गादीवरून काढून काशीला पाठवलं. त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी लंडनला गेले आणि वर्षानुवर्षं तिथे झगडत राहिले. त्या झगड्यातून १८४० च्या दशकात साताऱ्याच्या राजाचे कागद ब्रिटिश पार्लमेंटने छापले. मोठ्या आकाराची पानं, आणि मुखपृष्ठावर ‘हाऊस ऑफ कॉमन्सच्या हुकुमाने छापलं’ अशी ओळ. साताऱ्याच्या माणसाच्या हाती ते पान आलं की तो पहिल्यांदा काहीच बोलत नाही, हे मी दोनदा पाहिलंय. याची जोडी म्हणजे १८१९ च्या तहाचं कलम. ते एचिसनच्या तहनाम्यांच्या संग्रहात मिळतं.

दुसरा गट क्रिप्स योजनेचा. मार्च १९४२ मध्ये, जपानी फौजा रंगूनपर्यंत आलेल्या असताना, ब्रिटिश मंत्री सर स्टॅफर्ड क्रिप्स लढाईनंतरच्या स्वराज्याची योजना घेऊन दिल्लीला आले. त्यांचा मसुदा आणि काँग्रेसशी झालेला पत्रव्यवहार ब्रिटिश सरकारने लगोलग छापला. सासऱ्यांच्या ट्रंकेत ती प्रत होती. मसुद्यातलं ‘ई’ कलम सांगतं की या संकटकाळात, नवी घटना तयार होईपर्यंत, हिंदुस्थानच्या संरक्षणाचा ताबा ब्रिटिश सरकारकडेच राहील. त्या कलमाच्या शेजारी समासात शिसपेन्सिलीने, मोडीत, तीन शब्द आहेत: ‘मग उरलं काय?’ वाटाघाटी फिसकटल्या, ऑगस्टमध्ये ‘चले जाव’ झालं आणि पुढच्या वर्षी आमच्याच भागात प्रतिसरकार उभं राहिलं. त्याचं केंद्र असलेलं कुंडल तेव्हा औंध संस्थानात होतं.

तिसरा गट स्वातंत्र्यानंतरचा, आणि नव्या माणसाच्या खिशाला झेपणारा. चीनशी झालेला पत्रव्यवहार भारत सरकारने श्वेतपत्रिकांच्या रूपाने छापायला सप्टेंबर १९५९ मध्ये सुरुवात केली. पुढे त्याचे चौदा भाग निघाले. नेहरू आणि चाऊ एन लाय यांची पत्रं, निषेधाचे खलिते, त्यांना उत्तरं, सगळं ओळीने. १९६२ चे भाग वाचताना खलित्यांची भाषा महिन्यागणिक कशी आखडत जाते ते पाहा. त्या लढाईच्या नोव्हेंबरात यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले. त्यांचा जन्म देवराष्ट्र्याचा, म्हणजे आजच्या सांगली जिल्ह्यातला. हैदराबाद आणि काश्मीर यांवरच्या १९४८ च्या श्वेतपत्रिकाही याच रांगेत ठेवाव्यात.

‘सीएमडी.’ असं काहीतरी छापलेलं असतं, ते काय?

पार्लमेंटपुढे सरकारच्या वतीने ठेवलेल्या कागदांचा क्रमांक. आधीची अक्षरं काळ सांगतात. १८७० ते १८९९ नुसतं ‘सी.’, १९०० ते १९१८ ‘सीडी.’, १९१९ ते १९५६ ‘सीएमडी.’, त्यानंतर ‘सीएमएनडी.’. म्हणून कुणी ‘१९३९ चा मूळ कागद’ म्हणून ‘सीएमएनडी.’ छाप दाखवला तर पुढे बोलायची गरज नाही. जर्मनी-पोलंड संबंधांवरचं १९३९ चं प्रसिद्ध ब्रिटिश निळं पुस्तक सीएमडी. ६१०६ आहे. पुष्कळ छापलं गेलं, म्हणून अजूनही मिळतं.

खरा छाप आणि नंतरची नक्कल यांतला फरक घरी कसा ओळखायचा?

आधी शेवटच्या पानाच्या तळाशी पाहा. ब्रिटिश सरकारी छपाईत तिथे अगदी बारीक टायपात एक ओळ असते: कामाचा क्रमांक, किती प्रती, महिना आणि वर्ष, छापणाऱ्याची खूण. ‘९/३९’ असं दिसलं तर तो सप्टेंबर १९३९ चा छाप. एकाच वर्षात पुन्हा छपाई झाली असेल तर तीही याच ओळीतून कळते. ही ओळ माझ्या एका प्रतीवर नाही. वीस वर्षांपूर्वी मी चार सुटे कागद बांधायला दिले आणि बाइंडरने कडा सरळ करायला खालचा अर्धा इंच कापला. पुस्तक देखणं झालं, आणि कागदाचा जन्मदाखला कात्रणांबरोबर गेला. जुने कागद बांधून घेऊ नका.

मग पत्ता पाहा. सरकारी प्रकाशन कार्यालयाचा किंग्जवेवरचा पत्ता बदलत गेला. १९१९ च्या सुमारास इंपीरियल हाउस, १९३० च्या सुमारास अ‍ॅडॅस्ट्रल हाउस, दुसऱ्या महायुद्धात यॉर्क हाउस. पत्ता आणि साल जुळलं पाहिजे.

मग बोट. खिळ्यांच्या छपाईत अक्षर कागदात किंचित रुतलेलं असतं. पान उलटं करून डोळे मिटा आणि बोटाचं टोक हलकेच फिरवा, मागच्या बाजूला उठाव लागतो. ऑफसेटची नक्कल गुळगुळीत लागते. भिंगाखाली अक्षराच्या कडेला ठिपके दिसले तर ते फोटोवरून केलेलं आहे.

शेवटी नोटा तपासायचा निळा दिवा. बऱ्याच दुकानांत असतो. साधारण १९५० नंतरच्या कागदात पांढरेपणा आणणारं रसायन सर्रास घालू लागले. अंधारात त्या दिव्याखाली असा कागद निळसर पांढरा चमकतो. लढाईच्या काळातला कागद मंद, पिवळट राहतो.

फसवणूक नेहमी मुद्दाम केलेली असते असं नाही. १९१४ मध्ये ब्रिटनने बेल्जियमच्या तटस्थतेच्या १८३९ च्या तहाचं सह्या-मोहरांचं पान भरतीच्या भित्तिपत्रकावर छापलं होतं, ‘कागदाचा कपटा’ म्हणून. तेवढाच तुकडा कापून चौकटीत बसवलेला असतो आणि विकणाऱ्याला वाटतं आपल्याकडे तहच आहे. एका विक्रेत्याकडून मीही तो तह समजून घेतला होता. आता तो भित्तिपत्रक म्हणून जपलाय.

असे कागद मिळतात कुठे?

जुन्या वकिलांच्या, प्राध्यापकांच्या, संस्थानी नोकरीत असलेल्यांच्या घरी. रद्दीवाल्याशी बोलून ठेवा, पण ‘जुने इंग्रजी कागद’ म्हणू नका. ‘पुठ्ठा नसलेली, तारेने टाचलेली सरकारी चोपडी’ असं सांगा, म्हणजे त्याला नेमकं कळतं. पुण्याला अप्पा बळवंत चौकातल्या जुन्या पुस्तकवाल्यांकडे फेरी मारावी. विकत न घेता पाहायचं असेल तर पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या ग्रंथालयात सरकारी प्रकाशनांचा मोठा साठा आहे. विकत घ्यायच्या आधी दोन-चार खरे कागद हाताळलेले असावेत.

किंमत किती द्यावी?

आतला छापील मजकूर, शेवटच्या पानाच्या तळाची ओळ, मूळ टाचण आणि सगळी पानं शाबूत असतील तर थोडे जास्त द्या. फाटकं मुखपृष्ठ चालेल, हरवलेला नकाशा चालणार नाही. ‘हिटलर’ किंवा ‘चर्चिल’ हे नाव मथळ्यात आहे म्हणून वाढवलेली किंमत देऊ नका.

कायद्याची काही अडचण येते का?

येऊ शकते, म्हणून दोन कायदे माहीत असू द्या. पुरावस्तू आणि कलानिधी कायदा १९७२ प्रमाणे ऐतिहासिक महत्त्वाचे कागद ७५ वर्षांचे झाले की पुरावस्तू ठरतात. खाजगी माणसाला ते देशाबाहेर पाठवता येत नाहीत आणि पुरावस्तूंचा व्यापार करायला परवाना लागतो. म्हणजे दुसऱ्या महायुद्धातला कागद परदेशातल्या भाच्याला भेट म्हणून पोस्टाने पाठवायचा विचार असेल तर तो सोडा.

दुसरा सार्वजनिक अभिलेख कायदा १९९३. सरकारी दफ्तरातला कागद पूर्वपरवानगीशिवाय देशाबाहेर नेणं किंवा नियम सोडून नष्ट करणं हा गुन्हा आहे, आणि शिक्षा पाच वर्षांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. छापील चोपडी आणि दफ्तरातली फाइल यांत फरक करायला शिका. हाताने लिहिलेला आवक क्रमांक, टिपणं, ‘गोपनीय’ शिक्का दिसला तर तो कागद घेऊ नका. वाचनालयाचा शिक्का असेल तर ‘रद्द’ असा शिक्काही शोधा. नसेल तर त्या वाचनालयाला फोन करा. दोन कागद मी असे परत केलेत, आणि एका ग्रंथपालबाईंनी त्या बदल्यात मला त्यांच्या कपाटाची किल्लीच हातात दिली.

सांगलीत पूर येतो. कागद भिजले तर काय करायचं?

याचं उत्तर मी ऑगस्ट २०१९ मध्ये शिकले. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट आहे. त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. आम्ही माणसं वरच्या मजल्यावर गेलो, ट्रंक खाली राहिली. पाणी उतरल्यावर उघडली तेव्हा आत गाळाचा थर आणि कागदांची एकच वीट झालेली.

अशा वेळी पानं सुटी करायची घाई करू नका. ओला कागद बोटाने ओढला की लोण्यासारखा तुटतो. उन्हात तर मुळीच टाकू नका, पानं वाकडी होतात आणि शाई फिकी पडते. ओल्या कागदावर दोन दिवसांत बुरशी धरते, म्हणून पहिलं काम वेळ थांबवायचं. वेळ थांबते थंडीत. मी ती वीट स्वच्छ पाण्याच्या परातीत हलकेच धुतली, चार-चार चोपड्यांचे गठ्ठे बटर पेपरमध्ये गुंडाळले आणि मिरजेच्या मावसबहिणीच्या डीप फ्रीझरमध्ये ठेवले. तिने त्यासाठी सगळे मटार आणि आंब्याचा रस शेजारी वाटून टाकला. गोठलेल्या कागदावर बुरशी वाढत नाही, सवडीने एकेक गठ्ठा बाहेर काढता येतो. नंतर दोन महिने रोज एक गठ्ठा: पंख्याखाली, पानांमध्ये टीपकागद, दर दोन तासांनी टीपकागद बदलायचा, थोडं सुकलं की पाटाखाली दाबायचं.

साधा, खरखरीत कागद वाचला. चकचकीत आर्ट पेपरवरचे नकाशे एकमेकांना चिकटून दगड झाले, ते गेले. क्रिप्सची प्रत वाचली. शिसपेन्सिल पाण्याला दाद देत नाही, त्यामुळे ‘मग उरलं काय?’ अजून तसंच आहे. तिथेच शाईने लिहिलं असतं तर निळा डाग राहिला असता. तेव्हापासून माझ्या कागदांवर जे काही नोंदवायचं ते मी शिसपेन्सिलीनेच नोंदवते, तेही मागच्या कोपऱ्यात.

पूर नसला तरी पावसाळा असतोच. रोजची निगा?

हरिपूरच्या जमिनीखालच्या पेवांत हळद वर्षानुवर्षं टिकायची, कारण तोंड लिंपून हवा बंद केलेली असायची. कागदाचं उलट आहे, त्याला कोरडी आणि खेळती हवा लागते. प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधलेला कागद आतल्या आत घामेजतो. वरचा मजला, आतल्या भिंतीचं कपाट, भिंतीपासून वीतभर पुढे. जून ते सप्टेंबर सिलिका जेलच्या पुड्या ठेवायच्या, आणि कोरड्या दिवशी कपाट तासभर उघडं. कसर लागू नये म्हणून वेखंड ठेवते, डांबर गोळी कागदाला टेकू देत नाही.

टाचणीचा गंज हा मोठा शत्रू. गंज धरलेल्या तारेच्या टाचणीखाली जाड कागदाची पट्टी सरकवून तिची टोकं सावकाश उभी करा, तार काढा आणि त्याच भोकांतून पांढरा सुती दोरा ओवा.

फाटलं असेल तर सेलोटेप? लॅमिनेशन?

दोन्ही नको, कधीच नको.

सगळं इंटरनेटवर स्कॅन केलेलं आहे, मग मूळ कागद कशाला?

वाचायला स्कॅन उत्तम. राष्ट्रीय अभिलेखागाराचं ‘अभिलेख पटल’ जरूर वापरा, मीही वापरते. पण स्कॅन बहुधा एखाद्या ग्रंथालयाच्या बांधीव प्रतीचा असतो. त्यात तळाची ओळ कापलेली, मुखपृष्ठ काढून टाकलेलं आणि किंमत दिसत नाही. किंमत एक पेनी होती की एक शिलिंग यावरून सरकारला तो कागद कुणी वाचायला हवा होता ते कळतं. शिवाय सांगलीतल्या एका वकिलाने तो वाचून समासात काय लिहिलं, ते लंडनच्या प्रतीत असणार नाही.

घरातल्या माळ्यावर असा गठ्ठा सापडलाय. आज काय करू?

सुतळी सोडू नका. आहे तसा, चारही बाजूंनी फोटो काढा, कारण कुठला कागद कुणाच्या शेजारी होता यालाही अर्थ असतो. हात धुऊन कोरडे करा, जेवणाच्या टेबलावर नको, धुतलेल्या पांढऱ्या चादरीवर गठ्ठा ठेवा. वरून एकेक चोपडी उचलून फक्त मथळा, क्रमांक, तारीख आणि तळाची ओळ वहीत उतरवा. समासात कुणाचं अक्षर दिसलं तर घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाला बोलवा आणि ते कुणाचं आहे ते विचारून त्याच वहीत, त्याच ओळीपुढे लिहून ठेवा. हे आजच करा. कागद आणखी वर्षभर थांबेल.